पादुकांची स्पीडबोट

“…ते सगळं कळलं, मुकुंदा. पण मग पालथी का होते?”

मठपती भैरवगिरीबुवांनी हे पुन्हा विचारलं. आवाज मघासारखाच. चिडलेला नाही, हसरा नाही.

मुकुंद खासनीस साहेबांकडे उत्तर नाही असं सहसा होत नसे. नोकरीत असताना त्यांनी पूल बांधले होते. त्यांतला एकही पडला नव्हता, आणि हे समोरच्याने विचारायच्या आत ते स्वतःच सांगत. पण आत्ता समोर तलावाच्या मधोमध त्यांची लाल बोट पोट वर करून तरंगत होती. असा देखावा समोर असताना तोंड उघडणं अवघड जातं.

“बुडिवली की ओ साहेब,” मठाचे कारभारी तात्या इंगवले म्हणाले.

“बुडाली नाही. उलटली,” साहेब म्हणाले.

“मग त्यात आत बसलेल्याचा काय फायदा?”



आंबेघोलच्या तलावात एक बेट आहे. बेटावर सोमगिरी महाराजांची समाधी, आणि अलीकडच्या काठावर त्यांचा मठ. पुण्यतिथीच्या दिवशी महाराजांच्या लाकडी पादुका मठातून निघतात आणि बेटावर जातात. घाटावर कापूर पेटवायचा, आणि तो विझायच्या आत पादुका बेटाच्या पायरीला टेकायच्या, अशी रीत. पूर्वी भोई होडी हाणत न्यायचे. पुढे भोई म्हातारे होत गेले आणि त्या मानाने कापूर वाढत गेला. शेवटी शेवटी ताटात कापराचा ढीग असायचा आणि धुराने बेटच दिसायचं नाही. यंदा होडीही तळातून फुटली.

तेव्हा मठाच्या बैठकीत साहेब उभे राहिले होते. म्हणाले, पादुका मी नेतो. रिमोटवर.

पुण्याहून त्यांनी शर्यतीची स्पीडबोट आणली. दोन हात लांब, भाल्यासारखी निमुळती. पाण्यावर ठेवली की सुटायची ती गोळीसारखी. कापराची एक वडीसुद्धा निम्मी जळायच्या आत बेट गाठील, असा हिशेब होता.

आणि साहेबांचं या पादुकांवर काही अडलेलं होतं. त्यांना बुवांचा अनुग्रह हवा होता. कित्येक वर्षं ते मागत होते, आणि कित्येक वर्षं बुवा “बघू” म्हणत होते. एवढ्या अवधीत मठात येणाऱ्या भाजीवाल्यालाही अनुग्रह मिळून गेला. त्याने तर मागितलाही नव्हता. यंदा मात्र बुवा म्हणाले होते, “पादुका पोचव. मग विचार.”

आज पुण्यतिथी. माणसं जमायला लागली होती. आणि सकाळची चाचणी अशी पोट वर करून पडली होती.

बरं, आत पादुका नव्हत्या. त्यांच्या वजनाचा म्हणून विटेचा तुकडा होता, फडक्यात गुंडाळलेला. तो तळाशी गेला.

बेटावरचा पांडबा गुरव ट्रकच्या ट्यूबवर पोटावर पडून हातांनी पाणी मारत बोट आणायला निघाला.

“आपण पादुका पांडबाच्या ट्यूबवरनंच का पाठवीत नाही?” तात्यांनी विचारलं.

“ट्यूबवरून? सोमगिरी महाराजांच्या पादुका?” साहेबांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला.

“उलटत नाही ती.”

बुवा पायरीवर बसले होते. कफनी गुडघ्यांपर्यंत, पाय पाण्यात. ते कायम अनवाणी असत.

“सांग,” ते म्हणाले. “काय काय केलंस?”

साहेबांनी श्वास घेतला. हे त्यांचं राज्य होतं.

“महाराज, पंखा एका अंगाला फिरतो, म्हणून बोट दुसऱ्या अंगाला कलते. त्यासाठी बॅटरी थोडी डावीकडे सरकवली. वेगात नाक वर उचललं जातं. त्यासाठी मागे दोन पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, त्या नाक दाबून धरतात. वळताना आडवी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना थर्माकोल चिकटवला.”

“आणि?”

“सरळ जाते. अगदी सुतात. त्या खडकापाशी वळली की…”

“की?”

“वरचा भार बाहेर फेकला जातो, महाराज.”

“वर काय आहे?”

वर सिंहासन होतं. पितळी. चार खांब, वर छत्र, छत्रावर कळस, कळसावर पताका. साहेबांनी ते खास करवून घेतलं होतं. पाठीमागे अर्पण करणाऱ्याचं नाव कोरलं होतं. अक्षरं लहान होती. खोल होती.

“पादुकांचं आसन,” साहेब म्हणाले.

“वजनदार आहे?”

“शोभेसं आहे.”

तात्या दुसरीकडे बघून खोकले.

“तुला हे कळत नाही असं नाही,” बुवा म्हणाले.

“कळतं, महाराज. जड ते खाली, हलकं ते वर. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. आसन काढून पादुका तळाशी ठेवल्या तर उलटायची नाही. पण तसं करता येत नाही.”

“का?”

“तळाशी बॅटरी असते. ग्रीस असतं. झिरपलेलं पाणी असतं…”

“बरं.”

“आणि त्या पादुका आहेत!”

“हो.”

“सोमगिरी महाराजांच्या!”

“हो.”

“मग त्या खाली कशा ठेवायच्या?”

बुवांनी पाण्यातला एक पाय बाहेर काढला. त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा पाण्यात सोडला.

“पादुका आहेत की मुकुट?”

साहेबांना हे थट्टेचं वाटलं. भोवतीच्या दोघाचौघांनाही वाटलं. कुणी हसलं नाही, पण हसू दाबल्याचे आवाज आले. साहेबांचे कान तापले.

“महाराज, माफ करा,” ते म्हणाले. “विज्ञान काय सांगतं ते मला ठाऊक आहे. पण भक्ती म्हणून काही असतं. अनुग्रह नाही मिळाला तरी चालेल, पण महाराजांच्या पादुका मी ग्रीसमध्ये ठेवणार नाही.”

ते वाक्य त्यांचं त्यांनाच आवडलं. बुवा यावर काही बोलतील म्हणून ते थांबले.

बुवा पांडबाकडे बघत होते.

वारा सुटला होता. पांडबाची ट्यूब घाटाला न लागता बाजूला सरकत गेली, आणि जिथे म्हशी लोळतात त्या चिखलाच्या पट्ट्याला लागली. तिथल्या काठावर बाभळीचे काटे पसरलेले. पांडबाने बोट चिखलात टेकवली, काट्यांकडे बघून कपाळाला हात लावला आणि ओरडला, “हितंच ठिवतो! माज्या पायात काय न्हाई!” आणि ट्यूब वळवून बेटाकडे निघालाही. दुपारचा शंख त्यालाच वाजवायचा होता.

“मी जातो,” साहेब म्हणाले. पण त्यांचे बूट वर मठाच्या दाराशी होते, आणि दारापासून इथवर माणसांची दाटी.

“थांब,” बुवा म्हणाले. “मी आणतो.”

“अनवाणी? काटे आहेत, महाराज!”

“ते बघितलं मी.”

बुवा उठले. चार पायऱ्या चढून पालखीपाशी आले. पालखी सजलेली होती. मखमलीची गादी, गादीवर झेंडूचा हार, हारात पादुका. जुन्या, काळ्या पडलेल्या. कुणी त्यांना नुसता हात लावायचा तरी आधी आंघोळ, मग सोवळं. दर्शनाला आलेला माणूस कपाळ टेकवायचा आणि उलट्या पावली मागे सरायचा.

बुवांनी हार बाजूला केला. पादुका उचलल्या. पायरीवर ठेवल्या.

आणि त्यांत पाय घातले.

…



पालखीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या हातातलं फुलांचं ताट तिरकं झालं आणि फुलं पायऱ्यांवरून घरंगळत गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. तात्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या तोंडातलं पान दिसत होतं.

खट्. खट्. खट्.

बुवा पायऱ्या उतरत होते.

साहेबांना आधी वाटलं, आपल्याला भोवळ आली आहे. मग त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. असा विचार मनात आला म्हणून ते स्वतःच दचकले. मग ते ओरडले.

“बुवा! काढा! काढा त्या!”

महाराज म्हणायचं ते विसरले. बुवांनी वळून पाहिलं नाही.

खट्. खट्… मग तो आवाज थांबला, कारण चिखल लागला. पादुका पचकन आत गेल्या. बुवांनी पाय ओढून काढला. पुढचं पाऊल टाकलं. काटे कडकड मोडले.

“अंगठ्याची खुंटी मोडेल!” साहेबांचा आवाज चिरकला. “जुनं लाकूड आहे! आजवर कुणी घातल्या नाहीत त्या! एकानेही नाही!”

“एकाने घातल्या होत्या,” बुवा तिकडूनच म्हणाले.

ते वाकले. बोट उचलून बगलेत मारली, बाजारातून भोपळा आणावा तशी. आणि तशाच पावलांनी चिखल तुडवत, काटे मोडत परत आले. पायरीवर आल्यावर पुन्हा आवाज सुरू झाला. आता तो खट् नव्हता, ओला होता.

त्यांनी बोट साहेबांच्या हातात दिली. मग पादुका काढल्या आणि त्याही साहेबांच्या पुढे धरल्या.

खालून चिखल लोंबत होता. एकीत बाभळीचा काटा घुसलेला.

साहेबांचे हात पुढे होईनात. हे त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. नदीला पूर असताना अर्धवट पुलावर उभं राहून त्यांनी हुकूम सोडले होते. आज दोन लाकडांपुढे ते हात आखडून उभे होते.

“हा अपराध आहे,” ते म्हणाले. “तुम्ही गुरू असलात तरी… हा अपराध आहे.”

“असेल.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं की. उजवी जरा करकचते.”

साहेबांनी पादुका घेतल्या. घ्याव्याच लागल्या, कारण बुवांनी हात सोडायला घेतला होता.

आणि घेतल्यावर त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे त्या अगदी हलक्या होत्या. पालखीत चौघे वाहून नेत म्हणून त्या जड असतील असं त्यांनी धरलं होतं. विटेचा तुकडाही त्यांनी त्याच अंदाजाने घेतला होता. वजन करायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, कारण पादुका तराजूत कोण घालतो?

दुसरं म्हणजे टाचेचा आणि अंगठ्याचा खळगा. त्या खळग्याला ते कित्येक वर्षं कपाळ लावत होते. आता त्यात चिखल भरला होता, आणि त्या चिखलात त्याचा आकार स्पष्ट उठला होता. कुणीतरी चालून चालून पाडलेला खळगा होता तो.

“धुऊन आणतो,” साहेब कसंबसं म्हणाले.

“राहू दे. वेळ झाली.”

तात्यांनी पान थुंकलं आणि जवळ आले. हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, एक करूया. पादुका द्या तळाशी ठिवून. आसन राहू दे वर. त्याच्यावर शाल टाकतो. कोण बघायला चाललंय आत काय हाय ते?”

साहेबांनी बुवांकडे पाहिलं. बुवा पायाच्या बोटांमधला चिखल काढत होते. अगदी मन लावून.

“आसन राहिलं तर उलटेल,” साहेब म्हणाले.

“जरा हळू घ्या मग.”

“हळू घेतली तर कापूर विझेल.”

“कापराचं माज्याकडं लागलं,” तात्या म्हणाले आणि मूठ दाखवली. मुठीत जादा वड्या होत्या.

साहेब पायरीवर उभे होते. एका हातात बोट, दुसऱ्यात चिखलाने माखलेल्या पादुका, आणि सगळा गाव बघतोय. मग ते पायरीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी खिशातून पाना-पेचकस काढला.

सिंहासन बसवायला त्यांनी आठ स्क्रू मारले होते. चार पुरले असते. ते एक एक करून निघाले. शेवटचा निघेना. साहेबांनी तो हिसडला, आणि सिंहासन सुटून पायरीवर पडलं. छत्र वाकलं. नाव कोरलेली बाजू वर आली. साहेबांनी ते उचललं नाही.

बोटीचं झाकण उघडलं. आत बॅटरी, वायरी, ग्रीसचे डाग, बोटभर पाणी. पाणी त्यांनी फडक्याने टिपलं. मग बॅटरीच्या एका अंगाला एक पादुका ठेवली, दुसऱ्या अंगाला दुसरी. ठेवताना त्यांनी डोळे मिटले होते. नेमक्या बसल्या.

झाकण लावलं.

आरतीची वेळ झाली. माणसं पायऱ्यांवर उतरली. तात्यांनी माइक हातात घेतला, “भक्तजनहो…” म्हणाले, आणि पुढे काय म्हणावं ते न सुचून थांबले.

एक म्हातारी पुढे आली. सुंद्राबाई. होडीच्या भोयांपैकी एकाची ती विधवा होती. कंबरेत वाकलेली. तिने बोटीकडे पाहिलं. मग रिकाम्या पालखीकडे. मग साहेबांकडे.

“सायेब, पादुका कुटं हायत?”

तात्या चटकन म्हणाले, “आत्या, तुमी मागं…”

साहेबांनी तात्यांच्या हातातला माइक घेतला. त्यांना पुलांच्या उद्घाटनांत माइकवर बोलायची सवय होती. तो आवाज आज लागला नाही.

“आत आहेत,” ते म्हणाले.

“आत कुटं?”

“तळाशी. बॅटरीशेजारी.”

माइकमुळे ते साऱ्या घाटाला ऐकू गेलं. बेटावर पांडबालाही गेलं असावं.

“चिखलासकट,” साहेब म्हणाले. हे सांगायची गरज नव्हती. पण एकदा सुरू झालं होतं.

मागच्या पायरीवर कुणीतरी “शिव शिव” म्हणालं. एकजण उठून तरातरा घाट चढून निघून गेला. दुसरा म्हणाला, “आमच्या बापजाद्यांनी डोक्यावर मिरवल्या त्या! आणि हा शिकलेला माणूस…” पुढचं त्याला बोलवेना. साहेबांनी मान खाली घातली. मघाशी हेच शब्द त्यांच्या तोंडी होते, जरा शुद्ध भाषेत.

सुंद्राबाई तशीच उभी होती.

“आमचा म्हातारा पादुका मांडीवर घ्यायचा,” ती म्हणाली. “होडी डुलाय लागली की खाली बसायचा, पार तळात. वल्या पटकुरावर. म्हनायचा, उंच बसलं की म्हाराज घाबरत्यात.”

आणि ती मागे सरकून उभी राहिली.

कापूर पेटला.

साहेबांनी बोट पाण्यावर ठेवली. रिमोट हातात घेतला, खटका अंगठ्याने पुढे लोटला. बोट सुटली.

तिच्यावर काही नव्हतं. छत्र नाही, पताका नाही. नुसतं एक लाल पातं पाणी कापत चाललं होतं. कुणी जयजयकार केला नाही. कशाचा करायचा तेच कुणाला कळेना.

खडक आला.

साहेबांनी वळण घेतलं. बोट कलली… आणखी कलली… पाण्याचा फवारा उडाला आणि त्यात ती दिसेनाशी झाली. घाटावर कुणीतरी किंचाळलं.

मग पाणी खाली बसलं. बोट सरळ होती. पाण्याला बिलगून, एखाद्या पाणकोंबडीसारखी निमूट, ती बेटाकडे निघाली होती.

तिचं नाक बेटाच्या पायरीला टेकलं.

पांडबाने झाकण उघडलं. आत बघून तो पळभर नुसताच उभा राहिला. मग त्याने दोन्ही पादुका बाहेर काढल्या, काटा उपटून टाकला आणि तशाच मातकट पादुका समाधीवर ठेवल्या. शंख वाजला. तो इतक्या लांबून आला तरी घाटावरचे लोक दचकले.

ताटातला कापूर अजून जळत होता. तात्या त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी मूठ हळूच खिशात रिकामी केली.

कुणीतरी हात जोडले. मग दुसऱ्याने. मघाशी ज्याला बोलवेना झालं होतं तो मात्र हाताची घडी घालून उभा राहिला. पण निघून गेला नाही.

साहेबांच्या कपाळावर घाम होता. रिमोट अजून हातात घट्ट होता. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण सकाळपासून जे पाहिलं त्याने आत काहीतरी खिळखिळं झालं होतं, आणि ते पूर्ववत बसत नव्हतं. ते बुवांपाशी आले. समोर उभे राहिले. बेटाकडे बघतच बोलले.

“महाराज, पादुका पोचल्या.”

“दिसतंय.”

“आता विचारू?”

“विचार.”

“अनुग्रह… मला मिळेल का?”

बुवा बेटाकडे पाहत होते. पायरीला नाक लावून बोट जागच्या जागी थरथरत होती. मागे पंखा पाणी घुसळत होता, पांढरा फेस उठत होता, आणि पांडबा दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होता.

बुवांनी साहेबांच्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं.

“ती केव्हाच पोचली, मुकुंदा. अंगठा उचल.”